हिरव्या ठिपक्याचं केराटिन

पार्लरवाली चंदा गावंडे आजारी पडली तेव्हा आमच्या जठारपेठेतल्या बायकांनी तिच्याबद्दल तीन गोष्टी परस्पर ठरवून टाकल्या. तिला टीबी झालाय, तिचा हात पहिल्यासारखा राहिला नाही, आणि तिला गिऱ्हाइकांशी बोलायची रीत उरली नाही. तिन्ही खोट्या. लोक खोटं बोलले याचा मला राग नाही, लोक बोलतातच. राग याचा आहे की हे बोलणाऱ्या प्रत्येकीचे केस त्या वेळी चंदाच्याच हातचे गुळगुळीत होते. माझेही होते. तेव्हा हे लिहिताना मी दुरून मजा बघणारी कोणी आहे, असं समजू नका.

चंदा माझी विद्यार्थिनी. मी अकोल्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मोहरीर बाई म्हटलं की अजूनही रस्त्यात चार माणसं नमस्कार करतात, आणि त्याची मला सवय झाली आहे. चंदाचं गाव मूर्तिजापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथं जमिनीखाली पाणी आहे, पण खारट. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. आठवीला ती मामाकडे, रामरावांकडे, शिकायला आली तेव्हा तिचे केस काथ्यासारखे राठ होते. वर्गातल्या मुली त्यावरून तिला छळायच्या. एकदा मी शिकवत होते की जड पाण्यानं केस राठ होतात, तर ही उठून म्हणाली, "बाई, त्याले इलाज हाय. मायी माय जवस उकळून त्याचा चिकट रस गाळून घेते अन् न्हायल्यावर केसाले लावते. मंग केस मऊ येतात."

मी म्हटलं, "ते पुस्तकात नाही. बस खाली."

दहावीनंतर तिचं लग्न झालं. नवरा मनोज, एसटीच्या वर्कशॉपमध्ये. मुलगी झाली, आचल. मुलगी तीन वर्षांची असताना चंदानं ब्युटीचा कोर्स केला आणि भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, एक आरसा मांडून पार्लर उघडलं. मुलीचंच नाव दिलं. पंधरा वर्षांत जठारपेठेतलं एकही डोकं असं राहिलं नाही की जे तिच्या हाताखालून गेलं नाही. तिची बोटं म्हणजे डॉक्टरचं यंत्र होतं. केस हातात घेतला की म्हणायची, "काकू, बोअरचं पानी चालू केलं वाटते?" किंवा "तीन महिन्याआंधी ताप येऊन गेला काय तुमाले?" आणि ते खरं निघायचं. सगळ्या गिऱ्हाइकांना ती काकू नाही तर ताई म्हणायची, मला मात्र बाई. मी खुर्चीत बसले की आरशात बघून आधी पदर सारखा करायची, जणू मी तपासणीलाच आले आहे.

सहा वर्षांपूर्वी अमरावतीहून अंकुर नावाचा एक विक्रेता बॅग घेऊन तिच्या दारात आला. कडक इस्त्रीचा शर्ट, जिभेवर खडीसाखर. त्यानं चंदाला अमरावतीच्या एका हॉटेलात एक दिवसाच्या ट्रेनिंगला नेलं, जेवण दिलं, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट दिलं. तिथं तिला शिकवलं की केस केराटिनचे बनलेले असतात, खाऱ्या पाण्यानं ते झिजतात, आणि बाटलीतलं केराटिन ती झीज भरून काढून सहा महिने केस सरळ ठेवतं. यातलं पहिलं वाक्य खरं. दुसरं अर्धं खरं. तिसरं एखाद्या पोरानं उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

केराटिन म्हणजे आपले केस, नखं ज्याची असतात ते प्रथिन. कंडिशनरमध्ये घालतात ते त्याचे बारीक तुकडे. ते केसाला चिकटतात, केस मऊ लागतो, आणि चार न्हाण्यांत ते वाहून जातात. गरीब, निरुपद्रवी पदार्थ आहे, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण चार न्हाण्यांत वाहून जाणारी वस्तू सहा महिने केस सरळ कशी ठेवेल? केस सरळ ठेवणारा पदार्थ वेगळाच असतो, आणि त्याचं नाव बाटलीच्या पुढच्या बाजूला कधीच नसतं.

पण अकोल्याला केसांचं दुखणं आहे, आणि दुखणं असलं की बाटली खपते. पहिल्यांदा केलं रागिणीवहिनींनी. रागिणीवहिनी आमच्या भिशीच्या म्होरक्या. घरात देवधर्म कडक, आणि गल्लीत कोणी कोणती साडी नेसावी इथपर्यंत त्यांचा शब्द चालतो. त्यांच्या श्रेयसचं लग्न होतं. चंदानं त्यांचे केस धुतले, पांढरा चीक चोपडला, वाळवला, आणि तापल्या इस्त्रीनं एकेक बट दाबत खाली नेली. इस्त्री सरकली की धूर निघायचा. वहिनींच्या डोळ्यांवर ओला रुमाल, वर पंखा. तीन तासांनी त्या उठल्या तर केस रेशमासारखे. लग्नात लोकांनी नवरीपेक्षा सासूकडे जास्त पाहिलं. पुढच्या महिन्यात अख्खी भिशी चंदाच्या दारात उभी.

गिऱ्हाईक तीन तासांनी उठून मोकळ्या हवेत जातं. चंदा कुठे जाणार? ती खुर्ची पुसून पुढचीला बसवायची. उकडतं म्हणून बायकांनीच कुरकुर करून तिला एसी लावायला लावला, आणि गारवा जाऊ नये म्हणून तिनं एकुलत्या एका खिडकीला फळी ठोकली. त्या बंद खोलीत ती दिवसाला दोन, लग्नसराईत तीन डोकी करायची. पहिल्या वर्षी तिचे डोळे लाल झाले. दुसऱ्या वर्षी नाक गळायला लागलं. तिसऱ्या वर्षी खोकला आला तो गेलाच नाही. जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, धुळीची ॲलर्जी आहे, तोंडाला फडकं बांधा. तिनं बांधलं. फडक्यानं धूळ अडते, वायू अडत नाही, पण हे तिला कोण सांगणार?

मी सांगू शकत होते. आता ते सांगते.

माझी मुलगी देवश्री पुण्याला असते. तिच्या साखरपुड्याच्या आधी मीही केराटिन करून घ्यायला गेले. पुण्याची माणसं येणार होती, आपले केस झाडूसारखे दिसू नयेत एवढीच इच्छा. चंदानं इस्त्री लावली, धूर आला, आणि मी एकदम शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले. फळीवरच्या बरण्यांत बेडूक, साप, विंचू ठेवलेले असत, त्या बरण्यांचं पाणी बदलताना जो वास नाकात घुसतो आणि टाळूपर्यंत चढतो, तो वास. फॉर्मलिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड. एकतीस वर्षं मी ते हाताळलं. पोरींना मागे सरकवून, दोन्ही खिडक्या उघडून, मग झाकण काढायचे. मी चंदाकडून बाटली मागून घेतली. पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, फॉर्मल्डिहाइड नाही. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत यादी, त्यात तिसरं नाव मेथिलीन ग्लायकॉल. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे कळायला हवं, आणि मला कळलं. फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळवलं की त्याचं हे नाव होतं, आणि तापवलं की ते पुन्हा वायू होऊन बाहेर पडतं.

"काय झालं बाई? डोये चुरचुरतात काय?" चंदा म्हणाली.

"थोडे. तू खिडकी उघडी ठेवत जा," मी म्हटलं. आणि बाटली परत दिली. साखरपुड्यात सगळ्यांनी केसांचं कौतुक केलं. त्यानंतर मी दर सहा महिन्यांनी जात राहिले. एवढंच आहे. याला दुसरा काही खुलासा नाही.

गेल्या चातुर्मासात रागिणीवहिनींच्या घरी भिशी होती. साबुदाण्याची उसळ खाऊन झाली आणि वहिनींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचलं, "केराटिन हे जनावरांची शिंगं, खुरं, लोकर आणि पक्ष्यांची पिसं यांपासून बनवतात." मग जो गलका उठला तो मी शाळेच्या मधल्या सुट्टीतही ऐकला नव्हता. एकीनं महालक्ष्म्यांचा स्वयंपाक त्याच केसांनिशी केला होता. एक देवघरात रोज डोकं टेकत होती. सहा जणी तशाच उठून चंदाकडे निघाल्या. मीही निघाले.

चंदा एका मुलीच्या भुवया कोरत होती. वहिनींनी दारातूनच विचारलं, "चंदा, खरं बोल. त्या बाटलीत जनावराचं काय घातलेलं असतं?"

"मले काय माईत काकू? मी अंकुरभाऊले इचारतो." तिनं फोन लावला, स्पीकरवर. अंकुर खुशीत होता. म्हणाला, "मॅडम, एक नंबर माल आहे, खूर असो की पीस, बाहेर देशातून शुद्ध होऊनच येते!"

झालं. चातुर्मासात आमच्या डोक्याला खुरं फासलीस, आमचा धर्म बुडवलास, तुला लाज कशी वाटली नाही, असा भडिमार सुरू झाला. भुवया कोरून घेणारी मुलगी अर्धीच भुवई घेऊन पळाली. चंदा भिंतीला टेकून खोकत होती. खोकला थांबल्यावर ती एवढंच म्हणाली, "काकू, त्या बाटलीनं मायी छाती जयून राहिली. रात्री बसून झोपतो मी. त्याचं तं तुमी कोनी काई इचारत नाई."

"विषय बदलू नकोस," वहिनी म्हणाल्या.

तेव्हा माझ्याही तोंडाला कंड सुटला. मी म्हटलं, "वहिनी, तुमची सोवळ्याची धाबळी लोकरीची आहे ना? लोकर म्हणजे केराटिनच. जी नेसून तुम्ही नैवेद्य रांधता तीच वस्तू डोक्याला लागली तर काय बिघडलं?"

"धाबळीचं वेगळं, कुंदाताई. ती सोवळ्यातच असते."

मग आमचा त्यावर अर्धा तास वाद झाला. रेशीम, लोकर, कस्तुरी, मध, सगळं निघालं. मी एकेक मुद्दा खोडला, मला फार बरं वाटलं. घरी आल्यावर यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, सगळं रंगवून सांगितलं. गोपाळकृष्ण मोहरीर, निवृत्त वकील. ते म्हणाले, "युक्तिवाद चांगला केलास. पण ती बाई छातीबद्दल काहीतरी म्हणाली ना?" मी म्हटलं, "हो, म्हणाली." आणि भाजी निवडायला बसले. खुरांवर वाद घालणाऱ्या त्या सहा जणींना मी नावं ठेवते, पण खुरांवर बोलणारी सातवी मीच होते, आणि माझ्याजवळ तर बोलायला दुसरं काही होतं.

पंधरा दिवस पार्लरकडे कोणी फिरकलं नाही. वहिनींनी गंगाजळ शिंपडून केस धुतले, बाकीच्यांनी गोमूत्र आणवलं. आणि मग अंकुर पुन्हा आला. नवी बाटली घेऊन. बाटलीवर हिरवं पान, पानाखाली बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा हिरवा ठिपका, आणि लिहिलेलं, "शंभर टक्के वनस्पतीजन्य केराटिन". आता मला सांगा, कोणत्या झाडाला खुरं असतात? कोणत्या वेलीला पिसं फुटतात? वनस्पतीत केराटिन नसतंच. फार तर गव्हाचं प्रथिन घातलं असेल. पण हा प्रश्न जठारपेठेत कोणाला पडला नाही. बातमी पसरली की चंदाकडचं आता शाकाहारी झालं. नवरात्राच्या आधी दारात पुन्हा चपला. घरी येऊन चंदाला तोडून बोललेल्या त्याच चपला.

मी बाटली उलटून पाहिली. यादीत तिसरं नाव तेच होतं.

या वेळी मी गप्प बसले नाही असं लिहायला मला आवडलं असतं. मी तेव्हाही गप्पच होते. मनात म्हटलं, नवरात्र होऊ दे, सणाचं उगाच कशाला. आमच्या घरात प्रत्येक अप्रिय गोष्टीला एक सण आडवा येतो.

दिवाळीच्या आठ दिवस आधी चंदा रागिणीवहिनींच्या डोक्याला इस्त्री करत होती. डावी बाजू झाली, उजवीची दुसरी बट हातात होती, आणि तिचा श्वास आत जाईना. इस्त्री हातातून पडली. ती खाली बसली ती तोंड उघडून, जमिनीवर हात आपटत. वहिनी ओरडल्या, शेजारचे धावले, मनोजला फोन गेला. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा तिची नखं निळी पडली होती. हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं. वहिनींनी मला जे सांगितलं ते असं, "अहो, माझं अर्धं डोकं तसंच राहिलं. दिवाळीला पाहुणे यायचेत. आता मी कोणाकडे जाऊ?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस श्वासाला महाग झालं होतं हो! आणि हिला उजव्या बाजूची चिंता.

आचल अमरावतीला कॉलेजात आहे. तिनं आईला तिकडे छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही काम काय करता?" सहा वर्षांत हे विचारणारा पहिला माणूस. चंदानं बाटली सोबत नेली होती. त्यांनी मागची बाजू वाचली आणि सांगितलं की हा दमा त्या धुराचा आहे, तोंडात ओढायचं औषध आता रोज लागेल, आणि ती इस्त्री पुन्हा हातात घेतली तर पुढच्या वेळी दवाखान्यापर्यंत पोचण्याची खात्री नाही.

चंदानं बाटल्या काढून टाकल्या, खिडकीची फळी उखडली. आलेल्या बायकांना ती सांगू लागली, "केराटिन करत नाई मी आता. साधं कंडिशनर लावून देतो, जवसाचं पानी लावून देतो. केस मऊ येतीन, पन सरय नाई राहनार." बायका हो म्हणून जायच्या आणि समोरच्या नव्या पार्लरमध्ये शिरायच्या. तिथं तीच बाटली, तोच हिरवा ठिपका, आणि तिथल्या पोरीचे डोळे आत्ताशी कुठे लाल व्हायला लागलेत.

भिशीत मी शेवटी तोंड उघडलं. चंदा कशानं आजारी पडली, बाटलीत काय आहे, तो पदार्थ आम्ही शाळेत मेलेले साप टिकवायला वापरायचो, सगळं सांगितलं. रागिणीवहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आता शाकाहारी आहे ना?"

"वहिनी, विष आहे ते. विषाला शाकाहारी काय आणि मांसाहारी काय?"

"तुमचं आपलं काहीतरीच. आम्हाला कुठे काय झालं? तिची मुळातच छाती नाजूक असेल. आणि खरं सांगू, मनोजच्या घरात कोणाला तरी टीबी होता म्हणतात." टीबीचा उगम हा असा. दुसऱ्या दिवशी तो गल्लीत पोचला, चौथ्या दिवशी चंदाच्या घरमालकापर्यंत. घरमालक आडून आडून विचारायला लागला की खोली कधी रिकामी होईल. छाती आधीच गेली होती, आता नावही जायला निघालं होतं.

त्या आठवड्यात चंदा माझ्याकडे आली. दोन जिने चढून आली तर दारात पाच मिनिटं उभी राहून दम घेतला, मग आत आली. बसली नाही.

"बाई, एक कागद पायजे. त्या बाटलीत काय असते, त्यानं काय होते, अन् मले टीबी नाई, दमा हाय, तो कशानं झाला, हे मराठीत लिवून द्या. खाली तुमची सही. मी पार्लरात आरशाजवय लावतो. माया शब्दावर कोनी इस्वास ठेवत नाई. तुमी मोहरीर बाई, तुमचं आयकतीन लोक."

यांनी वर्तमानपत्रामागून मान बाहेर काढली. "कंपनीचं नाव येऊ देऊ नकोस. नोटीस येईल. आणि स्वतःच्या माहितीचं विधान जपून कर."

"लिहिते," मी म्हटलं.

चंदा तरी हलली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "एक इचारू बाई? तुमी तं आमाले बरण्याचं पानी बदलताना मांगं सरकवत होत्या. मायाकडं इतके येळा बसल्या तुमी. तुमाले त्या वासाचं समजलं नव्हतं काय?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच नाही म्हणून ऐकायचं होतं. समजलं नव्हतं असं मी म्हटलं असतं तर ती सुटकेनं हसली असती आणि पाया पडून गेली असती.

"समजलं होतं," मी म्हटलं.

तिनं विचारलं, "कधी?"

"देवश्रीच्या साखरपुड्याच्या वेळी."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. चार वर्षं होत होती, मी आधीच मोजून ठेवली होती. "तवा मले नुसतं नाक गयत होतं," ती म्हणाली. "खोकला त्याच्यानंतर आला."

मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, ओरडेल. बोलायला हवं होतं तिनं. पण तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "मंग ते बी लिवा."

दुपारभर मी तो कागद लिहिला. बाटलीतला पदार्थ, त्याचा वायू, बंद खोली, फडक्यानं तो का अडत नाही, दमा आणि टीबी यांत फरक काय, सगळं नीट. आठवीच्या पोरीला कळेल असं. शेवटचं वाक्य तीनदा खोडलं. यांनी चष्मा लावून वाचलं आणि सुचवलं, "'शंका आली होती' असं लिही. त्यात खोटं नाही आणि अंगावरही येत नाही." मी तसं लिहिलं. "मी, कुंदा मोहरीर, निवृत्त शिक्षिका, मला या वासावरून चार वर्षांपूर्वीच शंका आली होती, पण मी बोलले नाही." सही केली, तारीख घातली. वाचून मलाच माझं कौतुक वाटलं. इतकं तरी कोण कबूल करतं?

संध्याकाळी कागद घेऊन मी पार्लरमध्ये गेले. खुर्च्या रिकाम्या, खिडकी उघडी. चंदानं हात पुसले आणि आरशापुढच्या दिव्याखाली कागद धरून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. शाळेत वाचायची तसं, ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत. एकदा मध्येच थांबून तिनं औषध ओढलं. शेवटच्या ओळीवर आल्यावर बोट थांबलं.

"बाई, शंका नाई," ती म्हणाली. "माईत होतं, असं लिवा."

तिनं भुवयांच्या पेन्सिलींचा डबा माझ्यापुढे सरकवला, त्यातून एक निळं पेन काढून दिलं. मी रिकाम्या खुर्चीत बसले, मांडीवर कागद घेतला, आणि ओळ खोडून वर लिहिलं, "मला माहीत होतं." तिनं ते पुन्हा वाचलं, मान हलवली, आणि चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून कागद आरशाच्या शेजारी, बसणाऱ्याच्या अगदी डोळ्यांसमोर येईल असा डकवला.